पंधरा ऑगस्टला गावाचा ‘कुणाला कधी मिळालं’ तक्ता कसा काढायचा (बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या मंडळांसाठी)

जुलै संपत आला की मंडळाच्या ग्रूपवर मेसेज पडतोच, यंदा फलक काय करायचा. आणि दरवर्षी तेच होतं, १८५७, १९४२, १९४७, मधे भगतसिंगांचा फोटो, आणि आपण सीमाभागातले म्हणून खाली लाल अक्षरात १९५६. झाला फलक. गेल्या वर्षी आम्ही खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयाच्या हॉलमध्ये वेगळा तक्ता लावला, या गावात स्वातंत्र्य कुणाला कधी मिळालं आणि कुणाला कधी नाकारलं त्याचा. काम साधारण दीड महिन्याचं आहे, खर्च फार नाही, भांडणं मात्र होतात, ती धरूनच चाला. कसं केलं आणि कुठं चुकलो ते सांगतो.

पहिली चूक रकान्यांची. आम्ही दोनच आखले होते, वर्ष आणि घटना. कच्चा तक्ता भिंतीला लावून बघत होतो तेवढ्यात खालच्या आळीतली एक आज्जी नातवाला शोधत आली, नातवाकडून सगळं वाचून घेतलं आणि म्हणाली, “हे सगळं तुमचं झालं रे बाबा, आमची हीर कुठं हाय ह्यात?” हीर म्हणजे विहीर. कुणालाच उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी कागद फाडला आणि चार रकाने आखले. वर्ष, काय मिळालं, कुणाला मिळालं, आणि चौथा, त्याच वेळी कुणाला नाही मिळालं. चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तोच गाळावा असं वाटायला लागतं. गाळू नका, नाहीतर जुनाच फलक करा, वेळ वाचेल.

आता सुरुवात कुठून करायची, तर नेटवरनं नको. घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेतनं करायची. जुने उतारे, खंडाच्या पावत्या, शाळा सोडल्याचा दाखला, वाटणीपत्र, जुनं रेशनकार्ड, आज्जाच्या नावचं कोर्टाचं काहीतरी, सगळं बाहेर काढा. आपल्याकडं एक अडचण हमखास येते, लई जुनं काही मोडीत असतं, मधलं मराठीत आणि नंतरचं कानडीत, त्यामुळं मोडी वाचणारा एक आणि कानडी नीट वाचणारा एक असे दोघं लागतात. मोडीवाला मिळायला वेळ लागतो, कानडीवाला वर्गात शेजारी बसलेला असतो, त्यालाच बोलवा की. आमच्याकडं जो आला तो पहाणीतले, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यातले, आकडे आमच्यापेक्षा भराभरा वाचत होता आणि पुढं तोच निम्मं काम करून गेला. मूळ कागद कुणाकडून घेऊ नका, तिथंच मोबाईलवर फोटो काढा, फोटोला घराचं नाव आणि तारीख द्या आणि कागद परत ट्रंकेत. एक पावती हरवली तर पुढं कुणी ट्रंक उघडत नाही.

मग बघायचं की तुमचं गाव १९४७ च्या आधी कुणाच्या राज्यात होतं. हे लोक विसरतात. बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, खरं त्याला चिकटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात, म्हणजे बाजारात चालत गेलं की राज्य बदलायचं. रायबाग कोल्हापूर संस्थानात. रामदुर्गला वेगळा संस्थानिक, तिथं १९३९ मध्ये प्रजेचा उठावच झाला. त्यामुळं १५ ऑगस्ट १९४७ ला सगळीकडं एकदम सगळं झालं असं लिहू नका. सांगली १९४८ मध्ये विलीन झालं, कोल्हापूर १९४९ मध्ये. बाकी संस्थान म्हणजे सगळा अंधार असंही नाही. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्यांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा इंग्रजांच्या इलाख्यात असलं काही नव्हतं. म्हणजे रायबागच्या फलकावर १९०२ आधी येईल आणि खानापूरच्या फलकावर ते येणारच नाही. दुसऱ्या गावाचा फलक बघून उतरवला की असल्या चुका होतात.

मोठ्या तारखा दोन-तीन ठेवा, जास्त नकोत. आमच्या तालुक्यात नंदगडला २६ जानेवारी १८३१ ला, कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं, ते राहिलंच पाहिजे. कित्तूरचं आहे म्हणून मराठी मंडळानं का लावायचं असं एक जण म्हणाला, त्याला नंदगड कुठल्या तालुक्यात आहे ते विचारलं, गप्प बसला. दुसरी तारीख १९१६ ची. टिळकांनी होमरूल लीग आपल्या बेळगावात काढली, एप्रिलमध्ये. हे सगळ्यांना माहीत असतं, पुढचं नसतं. १ मे ला त्यांनी इथं भाषण केलं आणि त्या भाषणासाठी, सोबत नगरच्या भाषणांसाठी, सरकारनं त्यांच्याकडून वीस हजारांचा वैयक्तिक जामीन आणि वर दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. वीस हजार, १९१६ साली. नोव्हेंबरात हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला, टिळकांच्या बाजूनं बॅरिस्टर जिना उभे होते. फलकावर हे एका ओळीत बसतं आणि दोन्ही गोष्टी त्यात येतात, बोलायची मोकळीक मागितली तीही बेळगावात आणि त्यासाठी बेडी तयार झाली तीही बेळगावच्याच भाषणाची. तिसरी म्हणजे डिसेंबर १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच अधिवेशनाची, फोटो काढायला सोपी आहे, पोरांना पाठवा.

विहिरीवरनं आज्जीच्या विहिरीकडं येऊ. काँग्रेस विहीर सगळ्यांना दाखवतात, गावातल्या विहिरीचं कुणी बोलत नाही. कायद्याच्या तारखा अशा आहेत. मुंबई कौन्सिलात बोले ठराव १९२३ मध्ये पास झाला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. आपण तेव्हा मुंबई इलाख्यातच होतो, म्हणजे कागदावर आपल्या गावालाही लागू. बाबासाहेब १९२५ मध्ये निपाणीला परिषदेसाठी येऊन गेले, महाडचा सत्याग्रह १९२७ चा. पुढं १९३७ च्या निवडणुकीत बेळगाव उत्तरमधून त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बळवंतराव वराळे निवडूनही आले. घटनेचं सतरावं कलम १९५० मध्ये, अस्पृश्यता गुन्हा कायदा १९५५ मध्ये. हे सगळं दुसऱ्या रकान्यात लिहा आणि मग गावात जाऊन विचारा की प्रत्यक्ष पाणी कधी.

विचारायची पद्धत सांगतो कारण आम्ही ती बिघडवली होती. ‘तुम्हाला विहिरीवर कधी घ्यायला लागले’ असं विचारलं तर माणूस म्हणतो तसं काय नव्हतं, आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदानं राहायचे. गावातला माणूस, त्यात मंडळाची पोरं समोर बसलेली, तो बिचारा काय सांगणार. त्यापेक्षा विचारायचं, तुमच्या घरी पाणी कोण आणायचं, कुठनं आणायचं, घागर स्वतः भरायची की कुणी ओतायचं, नळ कधी आला. नळाचं साल सगळ्यांना आठवतं. आमच्याकडं जे निघालं त्यात कायद्याच्या सालात आणि पाण्याच्या सालात इतकं अंतर होतं की एका वडीलधाऱ्यानं ते लावू नका म्हणून दोनदा फोन केला. आम्ही साल लावलं, घराची नावं नाही लावली. हा मधला मार्ग मला अजून पुरता पटलेला नाही, खरं तेव्हा तेवढंच जमलं. आणि आज्जीला विचारूनच लावलं. ज्याची गोष्ट आहे त्याला आधी वाचून दाखवायची, तो नको म्हणाला तर नको.

असंच वतनाचं. आपला जिल्हा १९५६ नंतर म्हैसूर राज्यात गेल्यामुळं वतनं गेली ती म्हैसूरच्या १९६१ च्या गाव-कामगार हुद्दे रद्द करण्याच्या कायद्यानं. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरी याला ‘वतन गेलं’ म्हणतात, बलुत्याच्या कामात अडकलेल्या घरी दुसरं काहीतरी म्हणतात. दोन्ही घरी जा.

आता जमीन. यावर सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण सीमाभागाची खरी गंमत, गंमत कसली, जमिनीत आहे आणि ती कुठल्याच फलकावर येत नाही. मुंबई राज्याचा कूळ कायदा १९४८ चा, तेव्हा बेळगाव आणि चंदगड एकाच राज्यात, पुढच्या वर्षी कोल्हापूरही त्यात आलं. १९५६ मध्ये कायदा सुधारला आणि ठरलं की १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला जाणार. आणि मधेच, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा काढून पलीकडं दिला, बाकीचा जिल्हा म्हैसूरला. मग काय झालं बघा, चंदगडच्या कुळाला १ एप्रिल १९५७ लागू झाला, आणि अलीकडच्या कुळाला नाही, म्हैसूर सरकारनं १९५७ मध्ये ती कलमं स्थगितच करून टाकली. पाच महिन्यांची चुकामूक. अलीकडच्या कुळाला थांबावं लागलं ते मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या जमीन कायद्यापर्यंत, १ मार्च १९७४ पर्यंत. एकाच डोंगराच्या दोन अंगाला भात लावणारे, सोयरिक असलेले लोक, आणि मधे सतरा वर्षं.

सीमाप्रश्न म्हटलं की आपण भाषेबद्दल बोलतो, पाट्यांबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. खरं त्या रेघेनं सगळ्यात जास्त कुणाचं नुकसान केलं असेल तर माझ्या मते मराठी कुळाचं, आणि ते त्यानं कधी भाषणात ऐकलं नाही, कारण भाषण करणाऱ्यांत जमिनीचे मालक बरेच होते. हे माझं मत, तुमच्या मंडळाचं वेगळं असू शकतं.

आणि आता माझ्या घरचं. माझ्या पणजोबांच्या नावची भाताची जमीन होती, ती १९७४ नंतर कुळाकडं गेली. आमच्या घरात आजही म्हणतात “तवा जमीन गेली.” लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणजे मला वाटायचं चोरीच झाली. तक्त्यासाठी समोरच्या आळीत गेलो, तिथल्या अण्णांनी कापडात गुंडाळलेला जमीन ट्रिब्युनलचा, म्हणजे कुळांचे दावे ऐकणाऱ्या मंडळाचा, कागद काढला आणि म्हणाले, “तवा जमीन मिळाली.” सर्व्हे नंबर बघितला तर तोच. त्यांच्या वडलांनी कूळ म्हणून जमीन मागायचा सात नंबरचा फॉर्म भरला होता, लिहिता येत नव्हतं म्हणून मास्तराकडून भरून घेतला, तेव्हा सुरुवातीला ट्रिब्युनलपुढं वकील लावायची परवानगी नव्हती, स्वतःच उभं राहून सांगायचं, जमीन किती वर्षं कसतो आणि खंड किती पायली घालतो. मालक समोर बसलेला. मालक म्हणजे आमचे पणजोबा. चहा पिऊन आलो, घरी काही दिवस बोललो नाही.

तर जमिनीच्या ओळीत आम्ही तो सर्व्हे नंबर न लिहिता एवढंच लिहिलं, दुसऱ्या रकान्यात ‘जमीन मिळाली / जमीन गेली’. आडवी रेघ मारून. घरातल्यांनी बघितलं, बाबा काहीच बोलले नाहीत, काका बोलले. तुमच्यातल्या कुणाच्या घरी असलं असेल तर ते काम दुसऱ्याच्या गळ्यात न घालता स्वतःच करा, असं माझं सांगणं.

त्याच ट्रंकेत वाटणीपत्र असेल. त्यात मुलींची नावं आहेत का बघा. वाटणीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं धरायचं हे कर्नाटकात १९९४ च्या दुरुस्तीनं आलं, देशभर २००५ मध्ये. १९९४ च्या दुरुस्तीत ज्यांचं लग्न आधीच झालेलं त्यांना वगळलं होतं, म्हणजे चौथ्या रकान्यात आपल्या आत्या. आमच्या गावात २००५ नंतरही बहिणींच्या सह्या ‘हक्कसोड’वरच जास्त निघाल्या, त्याला काय लिहायचं यावर एक संध्याकाळ गेली. शेवटी ‘कायद्यानं मिळालं, सहीनं परत दिलं’ असं लिहिलं, मुलींनीच सुचवलं.

मतदानाचं सोपं आहे, पटकन होतं. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यात मत होतं ते सारा भरणाऱ्याला, शिकलेल्याला, थोडक्यात ज्याच्याकडं काहीतरी आहे त्याला. मुंबई इलाख्यात बायकांना १९२१ मध्ये मत मिळालं, तेही त्याच अटींवर. सगळ्यांना मत १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत, साधारण १७ कोटी ३० लाख मतदार. आणि त्यातही देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. हे गावात वाचून दाखवलं की म्हाताऱ्या हसतात आणि मग एकेकीचं सुरू होतं. ही जागा मुलाखती घ्यायला बेस्ट आहे, विहिरीच्या आधी इथनं सुरुवात केली असती तर बरं झालं असतं.

आणीबाणी एका ओळीत घ्या, जून १९७५ ते मार्च १९७७, तुमच्या गावातलं कुणी आत होतं का तेवढं बघा. आणि फासेपारध्यांसारखं कुणाचं घर किंवा तळ गावाजवळ असेल तर ३१ ऑगस्ट १९५२ ही तारीख घालाच. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा त्या दिवशी देशभर रद्द झाला. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि त्या लोकांना पोलिसांपुढची हजेरी तेव्हाही चुकली नाही. आम्ही हे घातलं तेव्हा मंडळातला एकही माणूस ही तारीख आधी ऐकलेला नव्हता, मीसुद्धा.

देवदासींबद्दल लिहिताना जपून. सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात, १९३४ चा मुंबईचा कायदा आणि १९८२ चा कर्नाटकचा, दोन्ही तारखा घ्या आणि थांबा. कुठल्याही घराकडं बोट जाईल असं काही नको, फोटो तर नकोच नको.

राहिली भाषेची ओळ. ही सगळ्यांना तोंडपाठ असते म्हणून इथंच जास्त चुका होतात, म्हणून तपासून लिहा. १७ जानेवारी १९५६ हुतात्मा दिन, १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूरला, १९६६ मध्ये सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग, १९६७ मध्ये अहवाल. आयोगानं २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड होतं, खरं बेळगाव शहर नाही, आणि २४७ गावं उलट तिकडनं कर्नाटकाला. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. म्हणजे खानापूरवाल्यांनी लिहिताना ‘आयोगानं आपल्यावर अन्याय केला’ असं सरसकट लिहिलं तर चुकतं, बेळगावकरांचं गाऱ्हाणं आणि खानापूरकरांचं गाऱ्हाणं वेगळं आहे. १९८६ च्या जूनमध्ये कानडी सक्तीविरुद्धचं आंदोलन, गोळीबारात नऊ जण गेले, हिंडलग्याला स्मारक आहे. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा. शिवाय घटनेचं ३५० क कलम लिहा, प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवायची सोय राज्यानं करावी म्हणणारं, ते राज्यपुनर्रचनेबरोबरच १९५६ मध्ये घातलं गेलं. रेघ मारली आणि त्याच वर्षी रेघेच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्यांसाठी कलमही घातलं. ते किती पाळलं ते आपल्या शाळेचा पट आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागा बघून भरा, तिथं भाषण नको, आकडे घाला.

आणि चौथा रकाना इथंही आहे. रेघेच्या पलीकडं जत-अक्कलकोटात कानडी घरं आहेत, त्यांच्याही शाळा आहेत, त्यांचीही तक्रार आहे. यावरनं मंडळात जोरात वाजलं. दोघं उठून गेले, एक परत आला. आम्ही ती ओळ घातली.

फलक मराठीत करा, खाली कानडीत छोटा सारांश घाला. त्यानं आपलं काही कमी होत नाही, आणि पहाणी वाचून देणारा मित्र आई-वडलांना घेऊन आला तर त्यांना वाचता येतं. आमच्याकडं आले. स्वतःच्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या ओवरीत लावा, रस्त्यावर लावायचा असेल तर पंचायतीची परवानगी लेखी घ्या, तोंडी चालत नाही.

कागद की फ्लेक्स, तर फ्लेक्स. खानापूरच्या पावसात ऑगस्टमध्ये भिंती पाझरतात, आमचा पहिला ड्रॉइंग पेपर दोन दिवसांत पापडासारखा फुगला. खरं फ्लेक्स छापायला देताना प्रूफ स्वतः बसून वाचा. टाइप करणाऱ्या पोराचा हात बसलेला असतो, आमच्या जमिनीच्या ओळीत त्यानं १९७४ चं १९४७ केलं होतं. दोनदा सांगून दोनदा तसंच आलं, तिसऱ्यांदा त्याच्या शेजारी उभा राहून आकडा बोलून घालून घेतला.